सोलापूर जिल्हा पाहायचा, तर आधी महिना ठरवा

पंढरपूर, अक्कलकोट आणि शेजारचं तुळजापूर या तीन क्षेत्रांमुळे सोलापूर जिल्ह्यातून वर्षभर गाड्या धावत असतात. पहाटे घर सोडायचं, दर्शन घ्यायचं, परतीच्या वाटेवर शेंगाचटणीची पाकिटं आणि एखादी चादर घ्यायची, रात्री घरी येऊन पाठ टेकायची, असा बहुतेकांचा बेत. त्यात गैर काहीच नाही. पण या धावपळीत जिल्हा पाहायचा राहून जातो, आणि जिल्हा काही लहान नाही. क्षेत्रफळ सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या चौपट. करमाळ्याच्या धरणकाठापासून अक्कलकोटच्या कानडी मुलखापर्यंत अकरा तालुके आणि त्यांच्यामधून वळणं घेत जाणारी भीमा. इथे समुद्र नाही, घाट नाही, थंड हवेचं ठिकाण नाही. त्यामुळे सहलीच्या याद्यांमध्ये सोलापूरचं नाव क्वचितच येतं, आणि शांतपणे प्रवास करू पाहणाऱ्यांच्या ते पथ्यावर पडतं.

असा प्रवास आखताना पहिला प्रश्न ‘काय पाहायचं’ हा नाही, ‘केव्हा जायचं’ हा आहे. कोकणात किंवा सह्याद्रीत महिना चुकला तरी डोंगर आणि समुद्र जागच्या जागी असतात. सोलापुरात महिना चुकला तर पाहण्यासारखं जे आहे तेच जागेवर नसतं. जानेवारीत जिथे हिरवी ज्वारी डोक्याच्या वर वाढलेली असते, तिथे एप्रिलमध्ये नुसती भेगाळलेली काळी जमीन असते. डिसेंबरात उजनीच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे चरत असतात. मे महिन्यात त्याच ठिकाणी चिखल आणि बुडालेल्या वाड्यांचे चौथरे दिसतात.

याचं मूळ पावसात आहे. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. वर्षाची सरासरी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. महाबळेश्वरला याच्या दहापट पाऊस पडतो. शिवाय इथला पाऊस मोसमाच्या सुरुवातीला हात आखडता घेतो आणि सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर, जोर धरतो. म्हणून इथलं मुख्य पीक खरिपाचं नाही, रब्बीचं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर काळ्या जमिनीत ज्वारी पेरायची आणि पुढे जमिनीत मुरलेल्या पाण्यावर आणि थंडीच्या दवावर ती पोसायची, ही इथल्या कोरडवाहू शेतीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जत्रा, आठवडी बाजार, लग्नसराई, पाहुण्यांची वर्दळ, सगळं याच चक्राला बांधलेलं असतं. परगावच्या प्रवाशानेही त्याच चक्रात शिरावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ, आणि त्यातही जानेवारीचा मधला पंधरवडा. या दिवसांत सोलापूर शहरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. लोक तिला ‘गड्डा’ म्हणतात. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले, महात्मा बसवेश्वरांचे समकालीन शिवयोगी. तेव्हाच्या सोन्नलगी गावात त्यांनी तलाव खोदवला आणि गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा सांगते. आज त्या तलावाच्या मधोमध मंदिर आहे आणि काठाला भुईकोट किल्ला. संक्रांतीच्या सुमारास पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात उंच नंदीध्वज पेलत शहरातून मिरवणूक काढतात. आधी ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. नंतर संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांवर मन जडलेल्या एका कुंभारकन्येचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, ही त्यामागची कथा, आणि दरवर्षी ते लग्न हजारोंच्या साक्षीने पुन्हा लागतं. पुढे होम मैदानावर होमविधी, शोभेचं दारूकाम आणि पाळणे, दुकानं, खाऊच्या गाड्या यांनी भरलेली जत्रा. बांबूचा तो लांबलचक नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलत चालायला महिनोन्‌महिने सराव लागतो. यात्रेच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी सराव करणारी मुलं गल्ल्यांतून दिसतात. मुख्य दिवसांची गर्दी नको असलेल्या प्रवाशाने हा सराव गाठावा.

जानेवारीचं या शहराशी आणखी एक नातं आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात सोलापूरकरांनी ब्रिटिश अंमल काही दिवस जवळजवळ पुसून टाकला होता. सरकारने मे महिन्यात शहरावर लष्करी कायदा लादला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. शहरातल्या चार हुतात्मा चौकात त्यांचे पुतळे आहेत. पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या ‘हुतात्मा एक्सप्रेस’चं नाव याच चौघांवरून आहे. चौघांची नावं सलग वाचली की या शहराची घडणही त्यांतून दिसते. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान अशा वेगवेगळ्या घरांतली ही माणसं एका लढ्यात एकत्र आली होती.

गड्ड्याच्या याच दिवसांत शेतांमध्ये हुरड्याचा हंगाम भरात असतो. ज्वारीचं कणीस दाण्यात भरलेलं, पण अजून हिरवं आणि दुधाळ असताना ते शेणकुटांच्या विस्तवात, जमिनीत खोदलेल्या आगटीत भाजायचं आणि हातावर चोळून दाणे मोकळे करायचे. सोबतीला शेंगाची, जवसाची किंवा लसणाची चटणी, गूळ, वर ताक. हुरडा बसून खायचा असतो, घाईने नाही. हल्ली पैसे घेऊन हुरडा पार्ट्या देणारी शेतं पुष्कळ झाली आहेत आणि त्यांत नाव ठेवण्यासारखं काही नाही, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. मात्र सकाळी लवकर पोहोचावं. ऊन चढलं की आगटीजवळ बसवत नाही. हुरड्याची वेळ गाव आणि पेरणीप्रमाणे पंधरा दिवस पुढेमागे होते, म्हणून निघण्याआधी फोन करून ‘दाणा भरला का’ एवढं विचारलेलं बरं.

ज्वारीचा माग काढत गेलं की वाट मंगळवेढ्याला पोहोचते. सोलापूरहून अंतर सुमारे पंचावन्न किलोमीटर. ज्वारीचं कोठार अशी या गावाची ख्याती. खोल काळ्या जमिनीत पिकणाऱ्या इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी हे स्थानिक वाण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेजारच्या मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात त्यातून निवड करून ‘एम ३५-१’ हे वाण तयार झालं आणि ते आजही दख्खनच्या पठारावर पेरलं जातं. दुष्काळ सोसणारं, चवदार भाकरी देणारं, आणि कडब्याने जनावरांचं पोट भरणारं. दुसरं वाण यावं आणि त्याने याची जागा घ्यावी, हे अनेकदा घडू पाहिलं, पण भाकरी खाणाऱ्यांनी मालदांडी सोडली नाही.

मंगळवेढ्याचा इतिहासही धान्याभोवती फिरतो. बहामनी काळात इथले अधिकारी दामाजीपंत यांनी भीषण दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं भुकेल्या लोकांसाठी उघडली. पुढे विठ्ठलाने विठू महाराचं रूप घेऊन त्या धान्याची किंमत बादशहाकडे भरली, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. त्याही आधी, कलचुरी राजा बिज्जलाच्या काळात, कल्याणला जाण्यापूर्वी बसवेश्वर इथेच होते. संत कान्होपात्रा याच गावच्या. आणि संत चोखामेळा १३३८ मध्ये इथलीच भिंत बांधत असताना ती कोसळून तिच्याखाली गेले. गावकुसाचं काम वेठीने करणाऱ्या मजुरांत ते होते. त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारी पायरीपाशी आहे. पंढरपूरला जाणारे लाखो लोक त्या समाधीपुढे हात जोडतात, पण ज्या गावात ती भिंत कोसळली तिथे फार थोडे जातात. खरं तर दोन्ही गावांत अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटरचं. पंढरपूरच्या यात्रेला मंगळवेढ्याची अर्ध्या दिवसाची जोड दिली, तर चोखोबांच्या अभंगांतली वेदना कोणत्या मातीतून आली हे उमगतं.

मंगळवेढ्याकडे जाताना रस्ता भीमा ओलांडतो तिथे माचणूर लागतं. नदीकाठी सिद्धेश्वराचं जुनं मंदिर, खाली उतरणारा दगडी घाट आणि बाजूला किल्ल्याचे अवशेष. शेजारच्या ब्रह्मपुरीत १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी होती. दिल्लीचा बादशहा चार वर्षं या नदीकाठी राहून मराठ्यांवरच्या मोहिमा चालवत होता. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला महापूर आला आणि छावणीची प्रचंड हानी झाली. आज तिथे उभं राहिलं की पात्राची रुंदी पाहून त्या पुराचा अंदाज येतो. १६९९ मध्ये बादशहाने इथून साताऱ्याकडे कूच केलं आणि पुढची वर्षं एकेका किल्ल्याला वेढा घालण्यात गेली. सोमवार आणि श्रावण सोडला तर माचणूरला फारशी गर्दी नसते.

पण भीमेकाठी एकच ठिकाण निवडायचं झालं, तर हत्तरसंग कुडल निवडावं. सोलापूरहून विजापूर रस्त्याने मंद्रूप मागे टाकून आत वळायचं. एकूण अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. इथे सीना नदी भीमेला मिळते. नदीचं पलीकडचं तीर कर्नाटकात. संगमावर दोन मंदिरं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. लेखाचा शेवट वाचणाऱ्याला उद्देशून आहे. जो हे वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा आशय. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर छिन्नी चालवताना पुढे कधीतरी येणाऱ्या अनोळखी वाचकाची आठवण ठेवली, ही गोष्ट मनाला भिडते. शाळेत मराठीची सुरुवात श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वरापाशी शिकलेल्या पिढीने तर कुडलची वाट जरूर धरावी.

हरिहरेश्वराचं मंदिर बराच काळ मातीच्या ढिगाखाली होतं. गेल्या शतकाच्या शेवटी ते उकरून मोकळं करण्यात आलं आणि त्या कामात इथलं प्रसिद्ध बहुमुखी शिवलिंग हाती आलं. एकाच लिंगावर ओळीने कोरलेले ३५९ मुखवटे. प्रत्येकाची मुद्रा किंचित वेगळी. मंदिरापुढे वर्तुळाकार खांबांचा, वरून उघडा असा स्वर्गमंडप आहे. चालुक्यकाळातल्या कारागिरांचं हे काम कर्नाटकातल्या मंदिरांशी नातं सांगतं आणि त्याच आवारात मराठी लेख सापडतो. सोलापूर जिल्ह्याची भाषिक वीण अशी हजार वर्षं जुनी आहे. आजही दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या अनेक घरांत कानडी बोलली जाते आणि बाजारात मराठी. कुडलला जाताना पिण्याचं पाणी आणि शिदोरी सोबत घ्यावी, मोठं हॉटेल सापडण्याची आशा ठेवू नये. शिलालेख नीट वाचायचा असेल तर सकाळचं किंवा दुपार कलल्यावरचं तिरपं ऊन बरं. सावल्या पडल्या की अक्षरं उठून दिसतात. त्यांच्यावर पाणी, खडू, पावडर काहीही टाकू नये.

भीमेच्या वरच्या अंगाला, करमाळा आणि माढा तालुक्यांत, उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा. भिगवणचं नाव पक्षिप्रेमींमध्ये सर्वतोमुखी आहे, पण ते पुणे जिल्ह्यात येतं आणि सुट्टीच्या दिवशी तिथे बोटींची रांग लागते. सोलापूर जिल्ह्याचा काठ त्या मानाने निवांत. करमाळ्यातल्या केतूरच्या परिसरात हिवाळ्यात रोहित येतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब येतात, चमचे, शराटी, कुरव, बदकं येतात. मुंबई-सोलापूर लोहमार्गावरच्या जेऊरला उतरूनही तिकडे जाता येतं. पक्षी कुठे बसतील हे पाण्याच्या पातळीवर ठरतं. परतीचा पाऊस जोरात झाला आणि धरण तुडुंब राहिलं तर उथळ दलदल उघडी पडायला उशीर होतो आणि रोहित जानेवारीच्या शेवटी किंवा त्याहून उशिरा येतात. निघण्यापूर्वी उजनीची टक्केवारी पाहण्याची सवय इथल्या शेतकऱ्याला असतेच, ती पक्षी पाहणाऱ्यानेही लावून घ्यावी.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावांची ओळख पटू लागते. कुगावच्या इनामदारांचा वाडा, पलीकडे पुणे जिल्ह्यात पळसदेवचं मंदिर. ते पाहायला माणसं येतात, पण मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं वारं अचानक उठतं. २०२४ च्या मे महिन्यात कळाशी आणि कुगावच्या दरम्यान अशाच वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. बोटीत बसायचं तर सकाळीच, आणि जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय बसायचं नाही. याबाबतीत कोणाचाही आग्रह, कोणाचीही घाई मानू नये.

करमाळ्यापर्यंत आलंच तर कमलाभवानीचं मंदिर चुकवू नये. निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या मंदिराची गोपुरं दक्षिणी वळणाची आहेत, आवारात उंच दीपमाळा आहेत आणि जवळच ९६ पायऱ्यांची बारव आहे. याच तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध.

पाण्याकडून गवताकडे वळायचं तर नान्नजला जावं. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी इथे अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर इतका अवाढव्य होता. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. बहुतेक जमीन खासगी असल्यामुळे शेतकऱ्यांना साधे व्यवहार करताना अडचणी येऊ लागल्या, असंतोष वाढला, आणि पुढे अभयारण्याची हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. तोवर माळढोकांची संख्या घसरत गेली होती. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी मादीगणिक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर. माळरान नांगरलं गेलं, विजेच्या तारा आल्या, मोकाट कुत्री आली, की त्याचं जगणं अवघड होतं. आज देशभरात उरलेले थोडेसे माळढोक मुख्यतः राजस्थानात आहेत. नान्नजला एखादा दिसला तर ते भाग्य. तो दिसेलच अशी हमी देणाऱ्याच्या नादी लागू नये.

तरीही नान्नजला जावं. काळविटांचे कळप, खोकड, लांडगा, चंडोल, तितर, हिवाळ्यात येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी, हे सगळं कुसळी आणि मारवेलच्या गवतात आजही नांदतं. माळरान म्हणजे पडीक जमीन, ही समजूत सरकारी कागदांपासून सर्वसामान्यांपर्यंत खोल रुजलेली आहे आणि तिने माळढोकाचं बंदुकीपेक्षा कमी नुकसान केलेलं नाही. गवताळ माळ हीच एक पूर्ण परिसंस्था आहे, तिथे झाडं लावणं म्हणजे ती मोडणं, हे एका सकाळच्या फेरीत डोळ्यांनी पटतं. वनविभागाच्या चौकीवर नोंद करावी, स्थानिक वाटाड्या घ्यावा, गाडी चाकोरीबाहेर नेऊ नये. माळढोकाचा विणीचा काळ पावसाळ्यात असतो. त्या दिवसांत गवतात शिरण्याचा मोह टाळलेलाच बरा.

शहराला मात्र एक अख्खा दिवस द्यायला हवा. किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव सकाळी उरकतात. हा भुईकोट आदिलशाही आणि निजामशाहीच्या भांडणाचं एक जुनं कारण. १५२४ च्या सुमारास दोन घराण्यांत सोयरीक झाली तेव्हा सोलापूर आंदण म्हणून कबूल केलं गेलं, प्रत्यक्षात दिलं गेलं नाही, आणि त्यावरून पुढे लढाया झाल्या. त्यानंतर पूर्व भागाकडे वळावं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी वसवलेला हा भाग. दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं, घरात तेलुगू, आणि यंत्रमागांचा दिवसभर चालणारा खडखडाट. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, ती पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण विणकाम थांबलं नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ती जकार्डवर विणली जाते, त्यामुळे नक्षी छापलेली नसते, धाग्यातच असते, आणि दोन्ही बाजूंनी दिसते. चादर उलटून पाहावी, खरी-खोटी तिथेच कळते. अस्सल सोलापुरीच्या नावाने बाहेरची चादर सर्रास विकली जाते, म्हणून शक्य तर कारखान्याला लागून असलेल्या दुकानातूनच घ्यावी. नारळी पौर्णिमेला याच भागातून मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात १९१० मध्ये जन्मले. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, तिथे जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचं निधन झालं. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट त्यांच्यावरच आहे. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे.

खाण्याचं म्हणाल तर सोलापूरचं ताट दुष्काळी मुलखाने घडवलेलं आहे. कडक भाकरी ही पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवलेली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. ती कित्येक दिवस टिकते, प्रवासात नेता येते आणि आमटीत कुस्करून खाल्ली जाते. शेंगाची चटणी मिक्सरमध्ये नाही, उखळात कुटलेली असावी. कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, गोळीबंद होते. शेंगापोळी, धपाटे, चार डाळींची झणझणीत बाजार आमटी आणि काळ्या तिखटाचं मटण हे सगळं मिळतं. तिखट न सोसणाऱ्यांनी आधीच सांगावं, आणि सोबत दह्याची वाटी मागून घ्यावी.

आषाढाचा बेत स्वतंत्र करावा लागतो. जून-जुलैत ज्ञानेश्वर माऊलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीला पोहोचते. तुकोबांची पालखी अकलूजच्या बाजूने येते. शांतता शोधणाऱ्याला हे दिवस सोयीचे नाहीत, लॉज मिळत नाहीत, रस्ते एकेरी होतात. पण गोल रिंगण ज्याला पाहायचं आहे त्याने पंढरपूरला थेट न जाता माळशिरस तालुक्यातलं एखादं रिंगण गाठावं, तिथे मोकळ्या मैदानात अश्व धावताना दिसतो. वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन मंदिर आहे आणि तिथेही जुने मराठी शिलालेख आहेत. पालखी पुढे गेल्यावर चार-आठ दिवसांनी गेलं तर ते निवांत पाहता येतं. विठ्ठलाचं दर्शनही एकादशीपासून दूरच्या साध्या बुधवारी वा गुरुवारी घ्यावं.

मार्च अखेर ते मे या काळात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा यायचंच तर सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत बाहेर पडू नये.

पोहोचणं सोपं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत धावते, रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे, पुण्याहून हुतात्मा आहे, आणि २०२५ पासून विमानसेवाही सुरू झाली आहे. जिल्ह्यात फिरायला पंढरपूर, अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्यासाठी एसटी पुरते. कुडल, नान्नज आणि उजनीच्या काठासाठी मात्र स्वतःचं किंवा भाड्याचं वाहन लागतं. मुक्काम सोलापुरात ठेवावा. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाऊन परत येणं सहज जमतं. गड्ड्याच्या आठवड्यात खोली महिनाभर आधी ठरवलेली बरी.

दोनच दिवस असतील तर एक शहराला आणि एक कुडल-माचणूर-मंगळवेढा या नदीकाठच्या वाटेला द्यावा. तिसऱ्या दिवशी पहाटे नान्नज आणि दुपारनंतर अक्कलकोट, तिथे स्वामी समर्थांच्या वटवृक्षाबरोबर भोसले संस्थानचं शस्त्रागारही पाहावं. चौथा दिवस मिळाला तर बार्शी गाठावी. भगवंताचं मंदिर पाहावं आणि बार्शी लाइटची गोष्ट आठवावी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची ही छोटी रेल्वे सुरू केली. कमी वजनाच्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येईल अशा रीतीने त्याने डब्यांचं वजन चाकांवर वाटून दिलं, आणि कापसाची पोती व पंढरीचे वारकरी या दोन्हींची सोय झाली. पुढे ती एकीकडे लातूरपर्यंत आणि दुसरीकडे पंढरपूरमार्गे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. एकविसाव्या शतकात ती रुंदमापी झाली. बार्शीहून परांड्याचा भुईकोट तासाभराच्या आत येतो, तो पाहून कुर्डुवाडीला उतरलं की पुण्या-मुंबईची गाडी तिथेच मिळते, त्यासाठी सोलापूरला परतावं लागत नाही.